बोळका ड्रॅगन की काळा ड्रॅगन? हिकपची ओळख कुठून करून द्यावी

बहिणीचा फोन आला. मुलगी नऊ वर्षांची, वर्गात हात वर करायलाही घाबरते, आणि मैत्रिणीकडून ‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’चं नाव ऐकून आलेली. ‘पुस्तक आणू, जुना कार्टूनवाला सिनेमा दाखवू की २०२५ चा नवा? गोष्ट एकच ना?’

एकच नाही, इथेच सगळी गंमत आहे. बर्क नावाचं बेट, तिथल्या धिप्पाड वायकिंगांचा सरदार स्टॉइक आणि त्याचा काडीपैलवान मुलगा हिकप, एवढं सामाईक. बाकी क्रेसिडा कॉवेलचं २००३ चं पुस्तक आणि ड्रीमवर्क्सचा २०१० चा अ‍ॅनिमेशनपट यांचे स्वभाव पार वेगळे.

हिकपचा ड्रॅगन टूथलेस (म्हणजे बिनदातांचा), त्याचंच बघा. पुस्तकातला टूथलेस खरोखरच बोळका आहे. चिमुकला, खादाड, आळशी, वर उलट उत्तरं देणारा. सिनेमातला टूथलेस म्हणजे काळाकुळकुळीत ‘नाइट फ्युरी’ जातीचा ड्रॅगन, ज्याच्या नुसत्या आवाजाने वायकिंग जमिनीवर लोळण घेतात. त्याला दात आहेत, फक्त ते हिरड्यांत आत जातात. (हिकप म्हणजे उचकी, हे भाचीला सांगा. कोण आठवण काढतंय, यावरच पहिली दहा मिनिटं जातील.)

पुस्तकात वायकिंगांचं ड्रॅगनशी वैर नाहीच, ते त्यांना शिकारीसाठी पाळतात. टोळीतल्या प्रत्येक मुलाने कड्यातल्या गुहेतून झोपलेलं पिल्लू चोरून आणायचं आणि त्याला शिकवायचं. जमलं नाही तर टोळीबाहेर. शिकवायचं कसं, याचं एक अधिकृत पुस्तकही आहे, आणि त्यात सल्ला एकच: ओरडा, जितक्या मोठ्याने जमेल तितकं. आता ज्या मुलाचा आवाजच फुटत नाही त्याने काय करावं? हिकपला चोरून ड्रॅगनची भाषा येते. तो कृतज्ञता, भीती, हाव, खुशामत, सूड आणि शेवटी विनोद अशी यादी करून एकेक उपाय लावून बघतो. कृतज्ञतेचा तर काडीचा उपयोग होत नाही. मुलांच्या पुस्तकात प्राण्याचं मन इतक्या रोखठोकपणे क्वचितच मांडलेलं असतं. आपण प्रेम केलं म्हणून समोरचा ऐकेलच असं नाही, हे हसत हसत पचवायला लावणारं आहे ते.

सिनेमात पिढ्यान्‌पिढ्यांचं युद्ध आहे. ड्रॅगन मेंढ्या पळवतात, घरं जाळतात, आणि ड्रॅगन मारल्याशिवाय कोणी मोठा झाला असं मानत नाहीत. हिकप स्वतः बनवलेल्या यंत्राने नाइट फ्युरीला पाडतो, सुरी उगारतो आणि मारू शकत नाही. पुढचा दरीतला प्रसंग जवळजवळ बिनसंवादाचा आहे. मुलगा काठीने मातीत चित्र काढतो, ड्रॅगनही अख्खं झाड उपटून रेघोट्या ओढतो, आणि त्या रेघांवर पाय न पडू देता मुलगा पुढे सरकतो. मान वळवून हात पुढे करतो आणि थांबतो. जॉन पॉवेलचं संगीत तिथे जे करतं ते सांगून कळणार नाही. इंग्रजी न येणाऱ्या आजीलाही हा प्रसंग अर्थासकट पोचतो, आणि कुटुंबाने एकत्र बघायचं असेल तर हा मुद्दा मोठा आहे.

पण भित्र्या मुलासाठी कोणता? सिनेमातला हिकप अशक्त आहे, धांदरट आहे, तरी भित्रा म्हणावा असा नाही. तोंडाने तिरकस बोलतच असतो, आणि शेवटी आकाशातून झेपावतो. पुस्तकातला हिकप शेवटपर्यंत साधाच राहतो. त्याचा जिवलग मित्र फिशलेग्ज त्याच्याहूनही केविलवाणा. सिनेमातली शूर अ‍ॅस्ट्रिड पुस्तकात नाहीच, त्यामुळे पहिल्या भागात मुलींना जवळची वाटेल अशी कोणी भेटत नाही, ही उणीव मान्य.

पुस्तकाची खरी अडचण भाषेची. शाब्दिक कोट्या, चमत्कारिक नावं, मध्येच शाईचे डाग पाडलेली लेखिकेचीच चित्रं. वाचता वाचता मराठी करायला गेलात तर तिसऱ्या पानावर दमाल. डेव्हिड टेनंटने वाचलेलं ऑडिओबुक लावून पुस्तक समोर धरणं हा उत्तम तोडगा. शिवाय भाग बारा आहेत, शेवटचा २०१५ चा, आणि पुढे पुढे गोष्ट गडद होत जाते.

सिनेमाबद्दल पालकांनी एक आधीच जाणून घ्यावं: शेवटच्या लढाईत हिकप एक पाय गमावतो. ते फार हळुवारपणे दाखवलंय, ड्रॅगनच्या तुटलेल्या शेपटीशी जोडून, पण हळव्या मुलाला आधी कल्पना द्या.

राहिला २०२५ चा. खऱ्या माणसांचा, दिग्दर्शक डीन डीब्लॉइस. २०१० चाही त्यानेच ख्रिस सँडर्ससोबत केला होता. संगीत पुन्हा पॉवेल, आणि तेव्हा स्टॉइकला आवाज देणारा जेरार्ड बटलर आता स्वतःच स्टॉइक. हिकप झालेला मेसन थेम्स चांगला आहे. पण प्रसंग बहुतेक तेच, लांबी मात्र ९८ मिनिटांवरून १२५. खऱ्या चेहऱ्यांमुळे आगीची भीतीही जास्त वाटते. ‘कार्टून बाळांसाठी असतं’ म्हणणारा बारा-तेरा वर्षांचा घरात असेल तर सरळ हाच लावा. नऊ वर्षांच्या मुलीची पहिली ओळख इथून करून देऊ नका.

आणि हो, तिन्हींत वायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं आहेत. खऱ्या वायकिंगांना नव्हती. १८७६ मध्ये जर्मनीत वाग्नरच्या ऑपेरासाठी केलेल्या वेशभूषेने ती लोकांच्या डोक्यात बसवली.

बहिणीला मी सांगितलं, एरवी मी २०१० चा सिनेमा आधी म्हणाले असते, पण तुझ्या लेकीसाठी पुस्तक आण. तिने आणलं. आता भाची यादी हातात घेऊन शेजारच्या मांजराला वश करतेय. हाव झाली, खुशामत झाली, काल विनोद सांगून झाला. मांजर अजून पलंगाखालीच आहे.