पाठीवरची दोन लिटरची पाण्याची बॅग, अजिंठ्याच्या दरीत वापरून बघितली

एप्रिलमधे घेतली अन् पहिल्याच रविवारी एकटाच अजिंठ्याच्या व्ह्यू पॉइंटवरून खाली लेण्यांकडं उतरलो, १८१९ मधे इंग्रजांना लेणी दिसली त्या वरच्या अंगानं. घोड्याच्या नालेसारखी दरी, वाघूर नदी ठणठणीत कोरडी, काळा दगड असा तापलेला की हात टेकवत नव्हता. बॅगेतलं पाणी गार राहिलं पण ज्या नळीनं ते चालता चालता प्यायचं तिच्यातलं चहासारखं गरम, मग घोट झाला की फुंकर मारून नळीतलं पाणी परत आत ढकलायचं, हे जमलं की मस्त चालतं. झाकणाच्या आट्यातून मात्र ठिबकतं, भाकरी भिजली माझी, लई वाईट वाटलं. दोन लिटर दुपारीच संपलं, एकटं जाणार असाल तर तीनचीच घ्या. सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.