सगळ्यात अस्वस्थ करणारा सिनेमा पाहायचाय? मग आधी हे ठरवा

कुणाला रक्त सहन होत नाही, कुणाला लहान मुलांचे हाल, तर कुणाला हतबल होऊन नुसतं बघत बसणं. त्यामुळे अशा चित्रपटांची पहिला, दुसरा, तिसरा अशी क्रमवारी फारशी कामाची नाही. आपल्याला काय झेपणार नाही हे ओळखून निवड करावी, म्हणून इथे थोडी तुलना करतो.

पहिली जोडी युद्धात सापडलेल्या मुलांची. एलेम क्लिमोव्हचा 'कम अँड सी' (1985) आणि इसाओ ताकाहाताचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज' (1988).

'कम अँड सी' घडतो 1943 च्या बेलारूसमध्ये, जर्मन ताब्यातल्या मुलखात. फ्ल्योरा नावाचा पोरगा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो आणि मोठ्या उत्साहाने गनिमी सैनिकांना जाऊन मिळतो. चित्रपट संपेपर्यंत त्याच पोराच्या चेहऱ्यावर म्हाताऱ्यासारख्या सुरकुत्या पडलेल्या असतात. बॉम्ब पडल्यावर त्याचे कान बधिर होतात आणि आपल्यालाही सगळं दबकं, घुमणारं ऐकू येऊ लागतं. गावकऱ्यांना कोठारात कोंडतात तो प्रसंग इतका लांबतो की कधी एकदा संपतो असं होतं. बेलारूसमधली 628 गावं माणसांसकट जाळली गेली, हे शेवटी पडद्यावर येतं. क्लिमोव्हने यानंतर एकही चित्रपट केला नाही.

'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज' ॲनिमेशन आहे, पण म्हणून घरातल्या छोट्यांना सोबत घेऊन बसू नका. सेइता मरणार हे पहिल्याच प्रसंगात कळतं. पुढे काय होणार ही उत्सुकता उरतच नाही. उरतात तो, चार वर्षांची सेत्सुको, रावळगावच्या गोळ्यांसारख्या फळांच्या गोळ्यांचा एक डबा आणि संपत चाललेला तांदूळ. मूळ कथा लिहिणाऱ्या अकियुकी नोसाका यांची धाकटी बहीण युद्धकाळात कुपोषणाने गेली होती.

या दोघांत मला दुसरा जास्त जड जातो. 'कम अँड सी'मध्ये संताप काढायला समोर शत्रू असतो. इथे टोमणे मारणारी मावशी आहे, पोरीला चांगलं खायला घाला एवढंच सांगून मोकळा होणारा डॉक्टर आहे आणि मावशीचं घर सोडून जाणारा सेइताचा मानीपणा आहे. यातल्या कुणाचा पुरेसा राग येत नाही आणि पोरगी डोळ्यांसमोर खंगत जाते. तरीही युद्धपटांची सवय नसेल तर सुरुवात याच्यापासूनच करा. दीड तासाचा आहे आणि त्यात मायेचे क्षण आहेत. 'कम अँड सी' जवळपास दोन तास वीस मिनिटं चालतो आणि दम घेऊ देत नाही.

दुसरी जोडी हिंसा दाखवण्या-न दाखवण्याची. गास्पर नोएचा 'इर्रिव्हर्सिबल' (2002) गोष्ट उलट्या क्रमाने सांगतो. सूड आधी, गुन्हा नंतर, सुखाचे दिवस शेवटी. त्यामुळे सुडाचं समाधान कुणालाच मिळत नाही आणि हीच त्याची खरी ताकद आहे. पण सुरुवातीला गरगर फिरणारा कॅमेरा भुयारी मार्गातल्या बलात्काराच्या वेळी जमिनीलगत स्थिर होतो आणि कित्येक मिनिटं कट न घेता तिथेच राहतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या कुणालाही मी हा चित्रपट पाहा म्हणणार नाही. इतरांनीही तो प्रसंग येणार हे माहीत असतानाच पाहावा.

मिखाएल हानेकेच्या 'फनी गेम्स' (1997) मध्ये पांढरे हातमोजे घातलेले दोन सभ्य तरुण एका कुटुंबाच्या दारात येतात. अंडी मागण्यापासून सुरुवात होते. जवळजवळ सगळी हिंसा चौकटीबाहेर घडते, आपल्याला आवाज ऐकू येतात आणि नंतरची खोली दिसते. मध्येच एक तरुण थेट आपल्याकडे बघून बोलतो. रक्ताचं वावडं असलेल्याला हा झेपेल असं वाटतं, पण तसं नाही. न दिसलेलं आपण मनात पूर्ण करत राहतो. आपल्यालाच जाब विचारणारा चित्रपट नको असेल तर मात्र वैताग येईल. हानेकेनेच 2007 मध्ये तो इंग्रजीत जवळपास शॉट-दर-शॉट पुन्हा केला, दोन्ही पाहायची गरज नाही.

डॅरन अ‍ॅरोनॉफ्स्कीचा 'रेक्विम फॉर अ ड्रीम' (2000) व्यसनांवरचा आहे. त्यातली टीव्हीवर झळकायच्या आशेने वजन घटवायच्या गोळ्या घेणारी आई, एलेन बर्स्टिन, पाहण्यासाठी तो पाहाच. घरात कुणी व्यसनातून बाहेर येत असेल तर सध्या राहू द्या.

'कॅनिबल होलोकॉस्ट' (1980) मी कुणालाच सुचवत नाही. त्यात कॅमेऱ्यासमोर खरे प्राणी मारले आहेत.

आणि माझी स्वतःची निवड विचाराल तर जोशुआ ओपनहायमरचा 'द अ‍ॅक्ट ऑफ किलिंग' (2012). हा माहितीपट आहे. इंडोनेशियात 1965-66 मध्ये झालेल्या कत्तलींतले मारेकरी आपण माणसं कशी मारली ते स्वतःच अभिनय करून दाखवतात, तेही आवडत्या हॉलिवूडपटांच्या थाटात. अन्वर काँगो गच्चीवर तारेने गळा आवळण्याची पद्धत समजावतो आणि तिथेच चा-चा-चा नाचतो. पडद्यावर खरी हिंसा जवळजवळ नाही. श्रेयनामावलीत मात्र कितीतरी स्थानिक तंत्रज्ञांच्या नावाजागी 'अनामिक' लिहिलंय, कारण मारेकरी सत्तेजवळ होते आणि तंत्रज्ञांनी नाव उघड करणं धोक्याचं होतं. याची अडीच तासांहून मोठी आवृत्तीही आहे, वेळ असेल तर तीच घ्या. मग काही दिवसांनी त्याच दिग्दर्शकाचा 'द लूक ऑफ सायलेन्स' (2014) पाहा. त्यात मारल्या गेलेल्या एका तरुणाचा भाऊ मारेकऱ्यांसमोर बसून प्रश्न विचारतो. क्रम उलटा करू नका. मारेकरी किती बेफिकीर आहेत हे आधी पाहिलेलं असेल तरच त्या भावाच्या शांतपणामागे किती धैर्य आहे ते कळतं.