जुने सागवानी काचेचे कपाट: दहा महिने, त्यात एक पूर्ण पावसाळा

दोन दारांचे सागवानी कपाट. उंची १६८ सेंमी, रुंदी ९६, खोली ३८. प्रत्येक दारात तीन काचा, बिजागऱ्या पितळी. गेल्या नोव्हेंबरात पणजीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून ४२,००० रुपयांना घेतले. आता सप्टेंबर सरत आलाय. वरचा खर्च ९,६०० झाला आणि त्यातला निम्म्याहून जास्त पाठीवर गेला, म्हणून आधी पाठीबद्दल.

जुने कपाट सगळे समोरून बघतात. काच, मूठ, वरची नक्षी. गोव्यात मात्र कपाट मागून मरते. मूळची पाठ फळ्यांची असते. ती किडली की विकणारे ४ मिमीचा साधा प्लाय ठोकतात आणि त्यावर सागवानी रंग मारतात. ‘पूर्ण सागवान’ म्हणून विकलेल्या या कपाटातही तेच निघाले. मे अखेरपर्यंत काही कळत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दार उघडल्यावर कुबट वास येऊ लागला, जुलैत डावा खालचा कोपरा फुगला आणि प्लायचे थर सुटले. मागे हिरवट बुरशी. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पावसात ओल धरते, कपाट तिला टेकलेले, मधली हवा हलत नाही. मग ती ओल प्लायच्या न रंगवलेल्या कडांतून आत शिरते.

नवी पाठ ६ मिमी मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायची केली. खरेदी करताना भारतीय मानकाचा (आयएस) शिक्का बघा: आयएस ७१० म्हणजे मरीन, आयएस ३०३ म्हणजे साधा. चारही कडांना वॉर्निशचे दोन हात, मगच बसवायची. पाठीला वर दोन आणि खाली दोन, २० मिमी व्यासाची भोके पाडून आतून पितळी जाळी लावली. भिंतीपासून ७ सेंमी अंतर. एवढे केल्यावर वास गेला. कपाट घ्यायला जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च घेऊन मागे वाका आणि पाठीची कड बघा. थर दिसले तर मरीन पाठीचे पैसे किमतीतून आधीच वजा करायला सांगा.

दारे. जुलैत दोन्ही दारे मधोमध अडकू लागली. लगेच रंधा मारू नका, हे इथल्या कुठल्याही जुन्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, विचारा. लाकूड रेषांच्या आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. दोन दारांच्या मिळून उभ्या पट्ट्या चार, प्रत्येकी ५ सेंमी, म्हणजे २० सेंमी सागवान. त्यातला ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर एकूण फुगवटा दीड ते दोन मिमी होतो. जुलैत तासून बसवलेले दार जानेवारीत फट दाखवते आणि त्या फटीतून धूळ आत जाते. कडेला खडू फासून दार लावा, खडू जिथे पुसला जाईल तिथेच अडकतेय. त्या जागी मेणबत्ती घासली की पावसाळा निभतो. तासायचेच असेल तर डिसेंबरात, दोन दारांमध्ये अडीच मिमी फट धरून.

काचा जुन्या आहेत. कपाटासमोर उभे राहून खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब बघा, गज नागमोडी दिसले तर ती फ्लोट काच (वितळलेल्या कथलावर तरंगवून केलेली सपाट काच) नव्हे. फ्लोटची पद्धत इंग्लंडमध्ये पिल्किंग्टनने १९५९ साली जाहीर केली आणि भारतात ती बरीच नंतर आली, त्यामुळे लाटा दिसल्या म्हणून कपाट शंभर वर्षांचे ठरत नाही. विकणारा तसे म्हणेलच. ‘जुनी काच वाहून खाली जाड होते’ हेही ऐकायला मिळेल, त्यात तथ्य नाही. काच वाहत नाही. मुळात ती एकसारख्या जाडीची बनतच नसे.

एक काच वाहतुकीत तडकली होती. नवी कापताना खाचेपेक्षा लांबी-रुंदीत ३ मिमी कमी घ्यायची, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिमी मोकळे राहते. काच घट्ट बसवली की कोपऱ्यातून चिरते. काच खडखडते ती जुनी लांबी, म्हणजे काच बसवायची पुट्टी, वाळून सुटल्यामुळे. सिलिकॉन भरू नका. पुढे काच काढायची वेळ आली तर लाकूड फाटते. नवी लांबी अशी करा: खडूची पूड ५०० ग्रॅम, डबल बॉइल्ड जवसाचे तेल ९० ते १०० ग्रॅम, कणकेसारखे मळायचे. बोटाला चिकटते तोवर पूड कमी आहे असे समजा. जुनी लांबी बोथट पटाशीने थोडी थोडी काढा. हीट गनने ती लवकर सुटते खरी, पण काचही जाते. तेलाची फडकी बोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात; पाण्यात भिजवून मग फेका.

बिजागऱ्यांचे स्क्रू काळे लोखंडी निघाले. सागवानातल्या द्रव्यांशी लोखंड आणि ओल यांचा संयोग झाला की भोवती काळे-निळे डाग पडतात. ते सगळे काढून पितळी घातले. पितळी स्क्रू मऊ असतो, थेट पिळला तर डोके तुटते. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू पिळून आटे पाडायचे, तो काढायचा, मग पितळी, साबण लावून.

पॉलिश लाखेचे, स्पिरिटमधले. आपल्याकडे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी घर चकचकीत हवे असते आणि नेमका ऑगस्ट हा लाखेसाठी वाईट महिना. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि पॉलिश दुधी पडते. तसे झालेच तर कोरडा दिवस बघून स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा अलगद फिरवा, दुधीपणा बहुधा उतरतो. पूर्ण पॉलिश डिसेंबर ते फेब्रुवारीतच.

सिलिका जेलवर पैसे घालवू नका. ५०० ग्रॅम जेल जुलैत पाच दिवसांत रंग बदलून बसले, कारण जुन्या कपाटाला चहूकडून फटी असतात. त्यापेक्षा आतला दिवा कामाचा. १२ व्होल्टची एलईडी पट्टी, दीड मीटर, साधारण ७ वॉट, आणि तिचा ड्रायव्हर (वीज पुरवणारा अडॅप्टर) कपाटाबाहेर. आतली हवा २८ अंशांवरून ३० वर गेली की ८८ टक्के आर्द्रता ७८ च्या आसपास उतरते, पाणी तेवढेच असले तरी. बुरशीला एवढा फरक जाणवतो. जूनपासून ती पट्टी रोज संध्याकाळी सहा तास चालू असते. पितळेच्या समया आणि चिनी मातीची भांडी ठीक आहेत. चांदी मात्र काळवंडली. डब्याला लावलेला रबरबँड हेही एक कारण, रबरातले गंधक चांदीला लागते.

काचेचा आडवा खण घालायचा असेल तर वजन मोजा. दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीमागे अडीच किलो. ८६ × २८ सेंमीची ६ मिमी काच ३.६ किलो भरते, भांडी वेगळी. दोन्ही दारे एकदम उघडली की कपाट पुढे झुकते, म्हणून वरच्या बाजूला दोन एल-पट्ट्या, मध्ये ७ सेंमीचा लाकडी ठोकळा घालून भिंतीत. गिलावा जाड असतो, स्क्रू चिऱ्यापर्यंत पोचायला हवा.

खणाखाली एप्रिलमध्ये पिठासारखा भुसा दिसला होता. गाभ्याच्या सागवानाला घूण सहसा शिवत नाही. इथे एका दुरुस्तीच्या पट्टीत सालीलगतचे फिकट लाकूड होते. भोकांवर मेण दाबून ठेवले. महिन्याभरात दोन ठिकाणी मेण फुटले, म्हणजे किडा जिवंत. पट्टीच बदलली. लादी पुसण्याच्या पाण्यापासून कपाटाचे पाय वाचवायला खाली १० मिमीच्या नायलॉन चकत्या आहेत.

डाव्या दाराची खालची काच अजून किंचित हलते. पावसात लांबी वाळत नाही, ती डिसेंबरात भरायची आहे.