नुनावुत: झेंडा की राजचिन्ह?

कॅनडाच्या उत्तरेकडचा इनुइट या मूळ रहिवाशांचा भाग नुनावुत १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडातलाच वेगळा प्रदेश झाला. त्याचा झेंडा लांबूनही ओळखू येतो. पिवळ्या-पांढऱ्या पटावर लाल इनुकसुक, म्हणजे वाट दाखवायला दगडांवर दगड रचून केलेली खूण, आणि कोपऱ्यात निळा ध्रुवतारा.

राजचिन्हात हे दोन्ही आहेतच. शिवाय कॅरिबू हे उत्तरेकडचं हरीण, नार्व्हाल हा लांब सुळ्याचा देवमासा, वर इग्लू. जरा गर्दी वाटते खरी, तरी मला तेच जास्त भावतं, कारण त्यात कुल्लिक आहे. मऊ दगडात कोरलेला अर्धचंद्राकृती दिवा, आत सीलच्या चरबीचं तेल, काठाला शेवाळाची वात. घरातली बाई काडीने वात सारखी करायची आणि ज्योत काठभर पसरायची. उजेड, ऊब, रांधणं, ओले कपडे वाळवणं, सगळं त्या एका दिव्यावर. झेंड्यात वाट दिसते, घर दिसत नाही.