नववीच्या धाराविद्युतसाठी फेट सिम्युलेशन वापरलं, सविस्तर रिव्ह्यू

मी भांडुपला मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते, आणि दरवर्षी बी.एड.ची मुलंमुली आमच्याकडे इंटर्नशिपला येतात त्यांचे पाठ बघायचं कामही माझ्याकडेच असतं. बऱ्याच जणांनी विचारलं की फेट खरंच वर्गात चालतं का, की नुसतं दाखवायला बरं, म्हणून एकदाच नीट लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फेट म्हणजे विज्ञान-गणिताची सिम्युलेशन्स. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हे सुरू केलं, म्हणजे २००१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं त्यांच्यातले एक. वेबसाइटवर सगळं फुकट आहे, लॉगिन न करताही चालतं. आधीची बरीचशी जावा आणि फ्लॅशमध्ये होती, २०२० च्या शेवटी फ्लॅश बंद झालं, आता नवीन सगळी साध्या ब्राउझरमध्ये उघडतात. आमच्यासारख्यांना सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे एकेक सिम्युलेशन डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवता येतं आणि मग नेट लागतच नाही. पावसाळ्यात आमच्या शाळेचं नेट दिवसातून चारदा जातं, तेव्हा हे किती मोठं आहे ते शिक्षकांनाच कळेल.

मी जास्त वापरलं ते सर्किट कन्स्ट्रक्शन किट, डीसीवालं, म्हणजे बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या धारेचं. स्क्रीनवर बॅटरी, बल्ब, तारा, स्विच, ॲमीटर, व्होल्टमीटर सगळं असतं, ओढायचं आणि जोडायचं. बॅटरी ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा, दोन्ही आकडे बदलता येतात पण मी तसेच ठेवते कारण हिशोब मुलांना तोंडी जमतो. एक बल्ब लावला की ॲमीटर, म्हणजे धारा मोजणारा मीटर, ०.९० अँपिअर दाखवतो. दुसरा एकसर, म्हणजे एकाच वाटेवर एकापुढे एक, जोडला की ०.४५. समांतर, म्हणजे प्रत्येकाला वेगळी वाट देऊन, जोडले तर बॅटरीतून १.८० निघते. मुलं वहीत ओहमचा नियम (व्होल्ट भागिले ओहम म्हणजे धारा) लावून आधी उत्तर काढतात, मग स्क्रीनवर बघतात, आणि जुळलं की वर्गात जो आवाज होतो तो ऐकायला मला फार आवडतं.

पण मला ज्यासाठी हे आवडलं ते वेगळंच आहे. मुलांच्या डोक्यात तार म्हणजे रिकामा पाइप असतो. मागच्या वर्षी एका मुलीने मला अगदी नीट समजावून सांगितलं होतं की बाई, आमच्या चाळीत सकाळी नळाला पाणी यायच्या आधी नुसती हवा येते ना, तसं बटण दाबलं की करंट बॅटरीतून निघून तारेतून बल्बपर्यंत जातो. इतकं स्वच्छ चित्र होतं तिच्या मनात की मी फळ्यावर कितीही बाण काढले असते तरी ते पुसलं गेलं नसतं. या सिम्युलेशनमध्ये नुसती एक तार ओढून ठेवली, कशालाही न जोडता, तरी तिच्यात निळे इलेक्ट्रॉन भरलेले दिसतात. हलत नाहीत, पण आहेत. सर्किट पूर्ण झालं की सगळे एकदम सरकायला लागतात. मी तिलाच विचारलं, आता सांग, बल्बला वाट का बघावी लागत नाही? थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, म्हणजे नळात पाणी आधीपासून भरलेलंच आहे. हे वाक्य तिला स्वतःला सापडलं, मी दिलं नव्हतं.

दुसरी अडचण म्हणजे बल्ब करंट 'खातो' हा समज. एकसर जोडणीत बॅटरीजवळचा बल्ब जास्त पेटेल असं निम्मा वर्ग दरवर्षी हात वर करून सांगतो, हुशार मुलंही. ॲमीटर पहिल्या बल्बच्या आधी लावा, दोघांच्या मध्ये लावा, दुसऱ्याच्या नंतर लावा, तिन्हीकडे ०.४५. यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, बाई, करंट जेवढा गेला तेवढाच परत आला तर मग बल्ब पेटतो कशावर? अहो, हाच तर प्रश्न हवा होता! विभवांतर (दोन टोकांमधला व्होल्टचा फरक) आणि ऊर्जा शिकवायला याच्याइतकी चांगली सुरुवात मला आजवर मिळाली नव्हती.

आता बी.एड.च्या मुलांबद्दल, कारण खरा रिव्ह्यू इथेच आहे. या वर्षी आलेल्या एका मुलीने पाठ टाचणात शैक्षणिक साहित्य म्हणून पीपीटी, प्रोजेक्टर, सिम्युलेशन असं सगळं लिहून आणलं होतं. तयारी भरपूर केलेली, मनापासून. पण पाठ सुरू झाला आणि माउस पूर्ण वेळ तिच्याच हातात. सात-आठ मिनिटांत एकसर, समांतर, शॉर्ट सर्किट सगळं दाखवून झालं. शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीला आग लागलेली दिसते, मुलं ओरडली, अजून एकदा टीचर, अजून एकदा. तिला वाटलं पाठ छान रंगला. शेवटी मी दोन बल्बचा तोच प्रश्न विचारला तर पुन्हा निम्मे हात वर.

मी तिला बोलले नाही काही, खूप रडवेली झाली होती. आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बसलो आणि ठरवलं की दुसऱ्या पाठात तीन गोष्टी करायच्या. आधी खरे सेल, तारा आणि टॉर्चचे बल्ब गटागटात वाटायचे. मग सिम्युलेशन उघडायचं पण जोडून ठेवायचं नाही, सुटे भाग समोर आणि माउस मुलाच्या हातात. आणि प्रत्येक जोडणीच्या आधी थांबायचं, वहीत अंदाज लिहून घ्यायचा, तोपर्यंत क्लिक नाही.

दुसऱ्या दिवशी पहिला जो मुलगा उठला त्याने दोन्ही तारा बल्बच्या बुडालाच जोडल्या. बल्ब पेटेना. ती बी.एड.ची मुलगी पटकन पुढे गेली सांगायला, मग तिला आठवलं असावं, तिथेच थांबली आणि वर्गाला विचारलं, काय झालं असेल? जवळपास अर्धा मिनिट शांतता. मग एकजण हातातला खरा बल्ब फिरवून बघायला लागला आणि म्हणाला, टीचर, एक बाजूलापण लावायची असणार, ही गोल कड आहे ना तिथे. अख्खा पाठ त्या अर्ध्या मिनिटावर उभा राहिला. त्या दिवशी जेमतेम दोनच जोडण्या झाल्या आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

बी.एड. आता दोन वर्षांचं आहे, २० आठवड्यांची इंटर्नशिप आहे, आयसीटीचा, म्हणजे शिकवण्यात कॉम्प्युटर-तंत्रज्ञान वापरण्याचा विषयही आहे, पण कुठे थांबायचं हे पोरींना वर्गात उभं राहिल्यावरच कळतं आणि ते दाखवायला शेजारी कोणीतरी असावं लागतं. आमच्या शाळेत मोठा इंटरॅक्टिव्ह पॅनेल बसवला तेव्हा कंपनीचा माणूस ट्रेनिंगला आला होता, दोन तास त्याने पेनचा रंग कसा बदलायचा आणि स्क्रीनशॉट कुठे सेव्ह होतो ते शिकवलं. शिकवण्याबद्दल एक शब्द नाही. पॅनेलचा टच महिन्याभरात बोटभर डावीकडे सरकला, दुरुस्तीला कोणी येईना, शेवटी मी मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, लांब एचडीएमआय केबल आणली आणि जुना प्रोजेक्टर लावला. आता सगळे पाठ त्याच्यावरच होतात.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. सिम्युलेशनमधली बॅटरी सुरुवातीला आदर्श असते, म्हणजे कितीही बल्ब समांतर लावा प्रकाश तेवढाच. खऱ्या सेलला तिसरा-चौथा बल्ब लावला की सगळे मंद होतात, कारण सेललाही आतून रोध, म्हणजे धारेला अडथळा, असतो. मुलं विचारतात, बाई कॉम्प्युटरमध्ये तसं का नाही? तेव्हा चुकलं म्हणून झटकू नका. सिम्युलेशनमध्ये 'लॅब' नावाची वेगळी स्क्रीन आहे, तिथे बॅटरीचा रोध वाढवता येतो, तो वाढवा आणि दाखवा, वर्गाला मॉडेल म्हणजे काय हे तेव्हाच कळतं. इलेक्ट्रॉन आणि पुस्तकातला पारंपरिक धारेचा बाण एकमेकांच्या उलट जातात, दोन्ही दाखवायची सोय आहे पण एकाच दिवशी दाखवू नका, मी केलं होतं आणि अख्खा तास निस्तरण्यात गेला. आणि आगीचा प्रकार दाखवल्यावर घरच्या प्लगमध्ये असलं काही करायचं नाही हे मी दर वेळी स्पष्ट, मोठ्या आवाजात सांगते.

मराठीचं म्हणाल तर भाषांच्या यादीत मराठी आहे, पण सगळी सिम्युलेशन्स मराठीत नाहीत. भाषांतर स्वयंसेवक करतात आणि त्यासाठी त्यांचं टूलही आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या मुलांना विभवांतर, रोध, एकसर हेच शब्द परीक्षेत येणार आहेत आणि ते शब्द लिहायला वर्गात शिकवणारी माणसं लागतात. सुट्टीत मी एका सिम्युलेशनच्या भाषांतराला हात घालणार आहे.

प्रॅक्टिकलच्या तयारीसाठी मात्र मी ओलॅब्स ही ऑनलाइन प्रयोगशाळा सुचवेन, सी-डॅक मुंबई (सरकारी संगणक संशोधन संस्था) आणि अमृता विद्यापीठाची. तिथे सिद्धांत, कृती, मग सिम्युलेशन, मग तोंडी परीक्षेचे प्रश्न असं सगळं क्रमाने आहे, परीक्षा जवळ आली की ते बरं पडतं. पुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ मी घरी उजळणीला सांगते. वर्गात मात्र मला मुलांच्या हातात काहीतरी हवं असतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. मोबाइलवरही उघडतं, पण छोट्या स्क्रीनवर तारा जोडताना बोट अडकतं, चार जणांत एक टॅब असेल तर उत्तम, नाहीतर एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर पुरे. त्या बी.एड.च्या मुलीचा पुढचा पाठ या शुक्रवारी आहे, समांतर जोडणीचा, आणि माउस पहिल्यांदा मागच्या बाकावर त्या 'पेटतो कशावर' विचारणाऱ्या मुलाला द्यायचा असं तिने स्वतःच ठरवलंय.