पहिली दुर्बीण: ८×४२ की १०×४२?

पक्षीनिरीक्षण सुरू करायचं ठरलं की गाडी हमखास या दोन आकड्यांवर अडते. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आठापेक्षा दहा जास्त, मग दहाचीच घेऊ, असं बहुतेकांना वाटतं. मी मात्र नवख्या माणसाला आठचीच घ्यायला सांगेन.

कर्नाळ्यासारख्या झाडीत सुभग किंवा वटवट्या एका डहाळीवर ठरत नाही. तिथे पक्षी मोठा दिसणं नंतर, आधी तो दुर्बिणीत सापडला पाहिजे. हजार मीटरवर ८×४२ मधून साधारण १२० ते १४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, १०×४२ मधून १०० ते ११५. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण पानांच्या गर्दीत तोच पक्षी हाती देतो किंवा घालवतो. शिवाय भिंगाच्या व्यासाला पटीने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते: आठला ५.२५ मिमी, दहाला ४.२. पहाटेच्या अंधूक उजेडात ते जाणवतं. हाताची थरथरही दहामध्ये जास्त दिसते.

भिगवणला, उजनीच्या पाणफुगवट्यावर, दहाची बाजू जड होते. रोहित (फ्लेमिंगो) काय, कशातूनही ओळखू येतो. खरा कस लागतो तो काठच्या चिखलात टोचे मारणाऱ्या तुतारी (सँडपायपर) या छोट्या पक्ष्यावर. ठिपकेवाल्या तुतारीची पांढरी भुवई डोळ्याच्या मागपर्यंत जाते आणि पाय पिवळसर असतात. हिरव्या तुतारीची भुवई डोळ्यापाशीच संपते. एवढं बारीक दुरून टिपायला दहाची नक्कीच मदत होते. पण काठावरून. भिगवणला बरेचजण नावेतून फिरतात, आणि हलत्या नावेत दहाचा फायदा पाण्यातच जातो!

वजनात दोघींत फारसा फरक नाही, साधारण ६०० ते ७५० ग्रॅम. मानेला तेवढं झेपत नसेल तर ८×३२ बघा. पहाटे थोडं कमी उजळ दिसेल, इतकंच. ज्यांचं फिरणं मुख्यतः माळरानावर आणि तलावांच्या काठीच होणार आहे, त्यांनी खुशाल दहाची घ्यावी.

स्वस्तातल्या झूमवाल्या आणि लालभडक काचांच्या दुर्बिणींच्या वाटेला मात्र जाऊ नका. चष्मा असेल तर 'आय रिलीफ', म्हणजे डोळा भिंगापासून जेवढा लांब ठेवूनही पूर्ण दृश्य दिसतं ते अंतर, किमान १५ मिमी हवा, नाहीतर कडेचं दृश्य कापलं जातं. शक्य असेल तर दुकानात जाऊनच घ्या, आणि समोरच्या उन्हातल्या पाटीऐवजी एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे रोखून बघा. उन्हात कुठलीही दुर्बीण छानच दिसते.