कॅनन १६ की लाओवा १५: चौकट सरळ कोण ठेवतं?

कॅननच्या फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) आरएफ माउंटसाठी, म्हणजे लेन्स बसवायच्या जोडासाठी, अल्ट्रा-वाइड प्राइम (झूम नसलेली, खूप रुंद दृश्य टिपणारी लेन्स) शोधताय? मग या दोन लेन्स हमखास समोर येतील. कॅननची आरएफ १६ मिमी एफ/२.८ जेमतेम १६५ ग्रॅमची. लाओवाची १५ मिमी एफ/२ झिरो-डी साधारण अर्ध्या किलोची. थोडं वजन एफ/२ चं, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या मोठ्या छिद्राचं, हे कबूल. पण खरा फरक बॅरल डिस्टॉर्शनचा, म्हणजे कडेच्या सरळ रेषा बाहेर फुगण्याचा.

कॅननमध्ये रेषा सरळ करायचं काम काचेवर सोडलेलंच नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला फोटो) दुरुस्तीविना उघडून बघा: कडेच्या दाराची चौकट पिंपाच्या फळीसारखी बाहेर फुगलेली आणि चारही कोपरे काळे. जेपीईजीत हे दिसत नाही, कारण कॅमेरा आधीच दुरुस्ती करून मोकळा होतो. कॅमेऱ्यात ती बंदही करता येत नाही. दुरुस्ती म्हणजे कोपरे ओढून ताणणं. ताणल्यानं तपशील थोडेच वाढतात? कोपरे मऊ पडतात, रात्रीच्या आकाशात तिथला नॉइजही (दाणेदारपणा) वर येतो.

लाओवात हे काम काचच करते. नावात झिरो-डी, म्हणजे शून्य डिस्टॉर्शन, असलं तरी अगदी शून्य नाही, पण बाथरूमच्या टाइल्स टाइल्ससारख्याच दिसतात. शिवाय एफ/२ म्हणजे एफ/२.८ च्या दुप्पट प्रकाश. मात्र ऑटोफोकस नाही. हातानं रिंग फिरवायची. चालता-बोलता व्हिडिओ करणाऱ्यानं हिच्या वाटेला जाऊ नये.

फ्लॅटचे फोटो किंवा तारे हेच काम असेल तर मी लाओवा घेईन. ट्रेकला कॅननच, कड्याच्या कातळात सरळ रेषा शोधणार कोण? आणि पाठीवरचा अर्धा किलो चढणीवर चांगलाच जाणवतो.

एक गैरसमज मात्र काढून टाका. ग्रुप फोटोत टोकाला उभ्या काकांचं डोकं अंड्यासारखं लांबतं, ते बॅरल नव्हे. रेषा सरळ ठेवणारी कुठलीही वाइड लेन्स कडेची माणसं ताणतेच. दोन्ही ताणतील, आणि १५ ची कणभर जास्तच. अशा फोटोला ३५ मिमी लावा.

दुकानात लेन्स तपासताना समोरच्या दुकानाच्या शटरची खालची कड फ्रेमच्या मधोमध नको, अगदी तळाशी धरा. मधून जाणारी रेषा कुठल्याही लेन्समध्ये सरळच दिसते.